मायचा जडगोटा

मिरची वावरातून घरी आली का आमच्या घरात सगळेच रडत, अन् कोनी कोनाले रडाचं कारन विचारत नसे. आंगनभर मिरची वाळत राहे. सकाळून माय ती पायानं चाळवे, तं सुक्या पाचोळ्यातून कोनी चालून राहिल्यावानी आवाज येये. दुपारून माय अन् मी पडवीत बसून देठ खुडो. बोटं अशी आग करत का काही धरू नाई वाटे. माय म्हने, "डोळ्याले लावू नोको, नाकाले लावू नोको, पुसाचंच असन तं लुगड्याले पुस." मी पुसो अन् मंग लुगडं अंगाले लागलं का अंग जळे. जेवाले भात, लाखोळीची डाळ, अन् अंबाडीची भाजी. भात हातानं कालवला का तोच तिखट होये, भाजीत मिरची टाकाचं कामच नोहोतं. बाप मी सहा वर्साची असतानाच तापानं गेला होता. मांगं राहिली माय, मी, दोन बांध्या धानाच्या, अन् बोडीच्या पाळीखाले मिरचीचा एक तुकडा. बोडी म्हनजे आमच्या वावराजवळचं लहानसं तळं, पाळ म्हनजे त्याचा बांध, अन् त्याच्या पान्यावर सगळं. धान सहा मयने पुरे. बाकीचे सहा मयने आमी मिरचीवर जगो. मिरची विकली गेली तं तांदूळ, नाई गेली तं कन्यायची, म्हनजे तुकडा तांदळाची, पेज, अन् ते बी सरलं तं माय म्हने आज उपास आहे. कोन्या देवाचा ते मी विचारत नसे.

अड्याळचा बाजार आमाले पायी दोन घंट्याचा. माय डोक्यावर मोठी टोपली घेये, मी लहान. बाजारात एका चिंचेच्या झाडाखाले मिरचीवाल्या बायायची रांग बसे. त्या काळी लोखंडी वजन सेठ लोकायजवळ राहे. आमच्यासारख्या बायायजवळ गोटे. ज्याच्या त्याच्या घरचा गोटा, कधी तरी गिरनीत लोखंडी वजनाले लावून जुळवून आनलेला. किलोचा एक, अर्ध्याचा एक. गोटा हरपला तं बाई रडे, जसं गाय मेल्यावर रडते. मायच्या किलोच्या गोट्याले आमी जडगोटा म्हनो. मायच्या बापानं, माह्या आज्यानं, तो चांद्याकडून आनला होता, अन् मायच्या लग्नात तराजूसंग आंदन म्हनून दिला होता. पांढरा, दुधात पानी टाकल्यावर दिसते तसा पांढरा. एका बाजूनं गोल अन् दुसऱ्या बाजूनं सपाट, जसा कोनी सुरीनं कापला. अन् लहान. बेलफळाएवढा. बाकीच्या बायायचे किलोचे गोटे त्याच्या जवळपास दुप्पट दिसत.

हेच सगळं दुखनं होतं.

मायच्या बाजूले सुभद्राकाकू बसे. तिचा गोटा काळा, लहान नारळाएवढा. ती तो तराजूत ठेवे तं असा आदळून ठेवे का चार लोकायनं पाहावं. आमच्याकडे गिऱ्हाईक वाकलं का काकू तोंडात तंबाखू धरून हळूच म्हने, "घ्या घ्या, बाईचा गोटा उपाशी आहे, लवकर उठते." लोकं हासत. हासता हासता गोट्याकडे पाहत. मंग म्हनत, "येतो वो फिरून." अन् फिरून कोनी येत नसे. मायनं एकदा उभं राहून म्हटलं होतं, "चाला ना गिरनीत. आत्ताच्या आत्ता लोखंडाले लावून पाहू. कोन येते?" कोनी उठलं नाई. काकू म्हने, "अवं, आमी काय म्हटलं? आमी तं गोट्याले बोललो, तुले कायले लागलं?" आता मले समजते का जे लोकं तोंडावर बोलत नाईत त्यायले जबाब देता येत नाई. तेव्हा मले येवढंच दिसलं का माय बोलता बोलता चूप झाली, अन् खाले बसून गोटा पदरानं पुसाले लागली. चोर पकडला गेल्यावर हात पुसते तसं मले ते वाटलं.

मी तेव्हा बारा वर्साची असन. विहिरीवर पोट्ट्या मले पाहून बादल्या वाजवत. एकजनी म्हने, "हिची माय गोट्यानं चोरते." मी तिचे केस उपटले, पन घरी येताना माहंच डोकं फिरलं. खरंच चोरत असन तं? मंग मी मायवर नजर ठेवाले लागली. माय गोटा कुठं ठेवते, कोनापासून लपवते, एकटी असली का काय करते. गोटा ती धानाच्या कोठीमांगं, फडक्यात गुंडाळून ठेवे. दुसऱ्यायच्या घरी गोटे आंगनात पडून राहत, कोंबड्या त्यावर बसत. आमचाच काहून फडक्यात? एक दिवस माय वावरात गेली असताना मी तो काढला. बाजूनं एक पांढरी रेघ दिसली. मी इळ्याचं टोक लावून पाह्यलं, तं जरा दाबलं का पांढरं पीठ पडलं. गोटा असा खरवडला जाते काय? पाळीवरचा कोनताही गोटा घ्या, इळा मोडन पन त्याले ओरखडा येनार नाई. मंग मले समजल्यावानी वाटलं. माय याले खरवडते. थोडा थोडा करून लहान केला असन. म्हनूनच फडकं, म्हनूनच कोठीमांगं. मी उंबऱ्याजवळ, चुलीजवळ, पाट्याजवळ पांढरं पीठ शोधलं. सापडलं नाई. सापडलं नाई म्हनून मले अजूनच वाटलं का माय लय हुशार आहे, झाडून टाकते.

त्या सांजी मायनं मले भात वाढला, तं मी तिच्या हाताकडे पाहत होती. किती वाढते, स्वतःले किती घेते. ती म्हने, "काय पाहते वं? भातात खडा आहे काय?" मी म्हटलं, "नाई." खडा माह्या डोक्यात होता.

त्याच्या पुढच्या बाजारी एक किलो बी गेली नाई. पाव बी नाई. दिवसभर माशा हाकलत बसलो अन् दोन्ही टोपल्या भरल्या तशा डोक्यावर घेऊन परत आलो. घरी मायनं कोठीत हात घातला तं तळाशी हात लागल्याचा आवाज आला, कोरड्या मडक्यावर नख घासते तसा. दुसऱ्या दिवशी "उपास" झाला. तिसऱ्या दिवशी दुपारी माय बोडीच्या त्या आंगाले सरपन तोडाले गेली, अन् मी जे केलं ते केलं.

मी फडक्यातून जडगोटा काढला अन् बोडीवर गेली. पाळीवर पांढरे गारगोटीचे गोटे पडून राहत. मी एक निवडला. जुन्यासारखाच पांढरा, पन दीडपट मोठा, चांगला गोल, कोनी पाहून म्हनन का हा किलोचा आहे. हातात तोलून पाह्यला नाई. डोळ्यानंच पाह्यला. लोकं बी डोळ्यानंच पाहत होते ना, मले त्यायच्या डोळ्यासाठीच तो पाह्यजे होता. जुना गोटा डाव्या हातात होता तं तो हात खाले ओढून राहिला होता, खांदा दुखाले लागला. मले वाटलं भेवानं हात जड झाला. पाप करताना हात जड होते असं मी आयकलं होतं. मंग मी तो बोडीच्या मधात फेकला. लांब गेला नाई. पाच-सात हातावरच पडला, अन् असा "डुब्" करून गेला का पान्यावर बुडबुडा बी नाई आला. नवा गोटा फडक्यात गुंडाळला, कोठीमांगं ठेवला, अन् पडवीत येऊन देठ खुडाले बसली.

बाजाराच्या दिवशी मायनं चिंचेखाले फडकं सोडलं. गोटा हातात घेतला. ती किती वेळ थांबली ते मी सांगू शकत नाई, चार श्वास घेन मानूस एवढा. मंग माह्याकडे पाह्यलं. मी समोरच्या कोथिंबिरीच्या जुड्या मोजत होती. मायनं गोटा खाले ठेवला, मले म्हने, "बस इथं, कोनी आलं तं सांग माय येते." अन् गोटा पदराखाले घेऊन गेली. कुठं गेली ते मले माहीत नोहोतं. परत आली तं कपाळावर घाम, अन् तोंडावर काहीच नाई. बसली. गोटा तराजूत ठेवला. काकूनं मान वळवून पाह्यलं.

"अवं बाई! तुहा गोटा मोठा झाला वं! काय खाऊ घातलं त्याले?"

"माह्या पोट्टीनं खाऊ घातलं," माय म्हने. "मले तं माहीत बी नोहोतं."

मी परत जुड्या मोजाले लागली. पन माय हासत होती, तं मले वाटलं गंमत करते, काकू बी हासली, अन् दोन बाया वाकून गोटा पाहाले लागल्या. एक म्हने, "हाव, आता दिसते किलोचा." तिनं किलोभर मागतली. मायनं तोलली, काटा बरोबर आला, अन् मंग मायनं टोपलीतून दोन्ही हातानं एक ओंजळ भरली अन् तिच्या पदरात टाकली. वरून अजून एक मूठ. बाई पाहतच राहिली. "हे काय वो?" "राहू दे," माय म्हने. दुसऱ्या बाईले बी तसंच. किलोले ओंजळ अन् मूठ, दोन किलोले त्याच्या दुप्पट. त्या दिवशी दोन्ही टोपल्या झटकून आनल्या आमी. घरी तांदूळ आला, थोडा गूळ बी आला. मायनं गुळाचा चहा केला, मले पहिले दिला.

मी चहा पेली, पन माह्या मनानं तिथंच निकाल करून टाकला. माय आता जे वरून टाकते ते पापाचं आहे. एवढे दिवस कमी दिलं, ते ओंजळीनं भरून राहिली. नाईतं कोन टाकते वरून? स्वतःच्या घरी कोठी कोरडी असताना कोन टाकते? बारा वर्साच्या पोट्टीले तं हे सोन्यासारखं पक्कं वाटलं. अन् वाईट सांगू काय, ते पुढं पन्नाशीच्या जवळ येतवरी पक्कंच राह्यलं. मायचं माप अड्याळच्या बाजारात नावाजलं. "त्या चिंचेखालच्या बाईकडून घे, हात मोकळा आहे तिचा," असं लोकं सांगत. सुभद्राकाकूले बी ओंजळ टाका लागली, तिचं तोंड कडू झालं. मी हे सगळं आयको अन् मनात म्हनो, तुमाले माहीत नाई, मले माहीत आहे. माहं लग्न झालं, सासरी गेली. दर साली माय मिरची पाठवे, दोन किलो म्हनून निरोप. मी घरात कोनी नसताना ती तोलून पाहो. दर साली दोन किलोवर भरे. मी म्हनो, अजून फिटलं नाई वाटते मायचं.

नवरा गेल्यावर मी परत मायजवळ आली. तोवर जिल्हा तुटून, गोंदिया वेगळा होऊन पंधरा साल झाले होते. तरी साहेब लोकायचे कागद इकडचे तिकडं, तिकडचे इकडं होऊन राहिले होते. त्या उन्हाळ्यात बोडी पार आटली. रोजगाराच्या कामावर पंधरा-वीस जनं गाळ काढाले लागले, मी बी होती. माय म्हातारी झाली होती, पाळीवर पळसाखाले बसून राहे, पान्याचा गुंड जवळ घेऊन. तेव्हा एक साहेब आला होता, जमिनीतलं पानी कुठं आहे ते पाहाले. जवान मानूस, गळ्यात भिंग, खांद्यावर झोळी. गाळाच्या ढिगावरून चालता चालता तो वाकला, एक गोटा उचलला, अन् उचलता उचलता थांबला. माय त्या दिवशी बाजारात थांबली होती, तसाच. मी ओळखलं. गाळानं काळा झाला होता, पन ती सपाट बाजू मी आंधळी असती तरी ओळखली असती.

"मावशी, हा इथला नाही," साहेब म्हणाला. "इतका जड? हा कुठून आला?"

माय पाळीवरून म्हने, "दाखव."

साहेबानं गोटा धुतला. चाकूनं ओरखडला तं पांढरं पीठ पडलं, मले इळा आठवला. मी म्हटलं, "साहेब, खऱ्या गोट्याले असा ओरखडा येते काय?" तो म्हणाला, "याला येतो. याचा स्वभावच मऊ. पण वजनाला बघा." मंग त्यानं लहान बाटलीतून औषधाचे थेंब टाकले. "चुनखडी असती तर फसफसली असती. हा गप्प आहे." झोळीतून काट्याची लहान तराजू काढली, गोटा दोरीनं बांधून टांगला. काटा किलोवर जाऊन उभा राह्यला. तिथून हलला नाई.

"किती वर्षं होता हा गाळात?"

"तीसच्या वर," माय म्हने. मी तिच्याकडे पाह्यलं. तिनं माह्याकडे पाह्यलं नाई.

"मग बघा," साहेब म्हणाला, "पाण्यात काही फरक पडत नाही याला. विरघळत नाही. म्हणून तर दवाखान्यात याच्यातलंच पांढरं औषध करून पाजतात, पोटाचा फोटो काढायच्या आधी. पोटात जातं, फोटोत दिसतं, आणि जसंच्या तसं बाहेर पडतं. आणि तेलाच्या विहिरी खोदतात ना, तिथे याची पूड चिखलात मिसळून ओततात. आतलं तेल उसळून वर येऊ नये, जडपणानं दाबून धरायला. तुमचा साधा गोटा एक किलोचा असेल तर तो दिसायला याच्या दीडपटीहून मोठा असणार. चांद्याकडे सापडतो हा. बॅराइट म्हणतात."

"काय म्हनतात?" मायनं विचारलं.

"बॅराइट. फार जुन्या काळी ग्रीक म्हणून लोक होते, समुद्रापार. त्यांच्या भाषेत जड म्हणायला जो शब्द होता, त्यावरून हे नाव पडलं."

माय हासली. तिचे दोनच दात राह्यले होते. "म्हनजे नाव ठेवनाऱ्यानं बी पहिले हातातच घेतला असन, डोळ्यानं पाहून नाई ठेवलं. आमी याले जडगोटा म्हनतो, बाबू. ठेव इथं. माह्या बापाचा आहे."

साहेबानं एक टवका मागतला, मायनं दिला नाई. तो गेला. लोकं भाकरी खायाले सावलीत बसले. मी मायजवळ पाळीवर बसली. गाळाचा वास येऊन राहिला होता. मंग मी विचारलं.

"माय, तुले समजलं होतं?"

"हाताले समजत नाई काय? अठरा वर्सं उचलला होता मी तो." मायनं गोटा मांडीवर घेतला. "तुहा गोटा उचलला अन् हात वरतंच गेला. गिरनीत नेऊन लावला. ओंजळ अन् मूठ कमी होती किलोले. बरोबर तेवढीच."

"मंग दुसरा जुळवून काहून नाई आनला?"

"आनला असता तं लोकं म्हनले असते, बाई दर बाजारी गोटा बदलते. एकदा बदलला ते बहुत झालं." तिनं गोट्याच्या सपाट बाजूवरून अंगठा फिरवला. "अन् तू आनला होता ना तो. फेकला असता तं तुले समजलं असतं का मायले समजलं. बारा वर्साची होती तू. बोडी जवळच होती, शरमेनं उडी घेतली असती तं?"

मी म्हटलं, "मले वाटलं तू चोरत होती. ओंजळ टाके तं मले वाटे, फेडून राहिली."

"माहीत आहे."

"माहीत होतं? मंग बोलली काहून नाई?"

"तू बी कुठं विचारलं?" माय म्हने. मंग गुंड माह्याकडे सरकवला. "पी पानी. गाळात उभी होती सकाळपासून."

एवढंच. त्याच्यानंतर ती तीन साल जगली, पन या गोष्टीवर एक शब्द नाई. गोटा तिनं कोठीमांगं ठेवला, त्याच जागी, नव्या फडक्यात. मी घरात एकटी असली का तो काढून हातात घेत असे. अजून घेतो. एका हातात तो, दुसऱ्या हातात पाळीवरचा गोटा, डोळे मिटून. बारा वर्साची असताना एवढंच केलं असतं तं झालं असतं.

आता मी त्याच चिंचेखाले बसतो. झाड अर्धं वाळलं. तराजू गेली, बॅटरीचा काटा आला, त्यावर लाल आकडे दिसतात अन् लोकं त्या आकड्याकडे पाहतात, जसे आधी गोट्याकडे पाहत. तोललं का मी दोन्ही हातानं ओंजळ भरतो अन् पिशवीत टाकतो, वरून एक मूठ. मांगच्या बाजारी एक नवी बाई आली, शहरातली असन. ओंजळ टाकली तशी तिनं पिशवी मांगं ओढली.

"एवढं वरून कशाला टाकता, आजी? काटा खराब आहे का तुमचा?"

मी म्हटलं, "काटा बरोबर आहे, बाई. कमी मीच तोललं होतं, बहुत वर्सं."

तिनं एकदा माह्याकडे पाह्यलं, एकदा काट्याकडे पाह्यलं. मंग पिशवी घेऊन समोरच्या दुकानात गेली, अन् मी दुरून पाह्यलं, तिनं ती तिथं परत तोलली.